सोडा, आम्ल आणि आप्तवाक्य : आग विझवणाऱ्या लाल नळकांड्याचा इतिहास

मंडळी, तुमच्यापैकी जे चाळिशीच्या पुढचे आहेत त्यांना शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातली एक आकृती नक्की आठवत असेल. एक लोखंडी नळकांडं, आत खाण्याच्या सोड्याचं पाणी, वरच्या बाजूला काचेच्या कुपीत सल्फ्युरिक आम्ल, बाहेर एक खुंटी आणि बाजूला तोटी. खुंटी आपटायची, कुपी फुटते, आम्ल सोड्यात मिसळतं, कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि आग विझते. परीक्षेत एक मार्काचा प्रश्न असायचा : या यंत्रात आग कशाने विझते? उत्तर लिहायचं, कार्बन डायऑक्साइडने. मार्क मिळायचा.

ते उत्तर चुकीचं होतं. अगदी पूर्ण नाही, पण बरंचसं. त्या यंत्रात आग विझवतं ते पाणी. वायू फक्त पाण्याला ढकलतो. म्हणजे ज्याला आपण 'रासायनिक' अग्निशामक म्हणत आलो, त्यातलं रसायनशास्त्र पंप हाकणाऱ्या गड्याचं काम करतं. आगीशी त्याची गाठ जवळजवळ पडतच नाही.

हे का सांगतोय? कारण यंत्राचा इतिहास वाचताना आपण चुकीचा प्रश्न विचारतो. आग कशाने विझते हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. फाल्गुन-चैत्रात आपल्या इथल्या डोंगरांवर वणवा लागतो, तेव्हा माणसं हिरव्या फांद्या तोडून झोडपायला धावतात. त्यांना कुणी वायूंचं रसायन शिकवलेलं नसतं. अवघड प्रश्न दुसराच होता : एकट्या माणसाच्या हातात, आग लागल्याच्या पहिल्या मिनिटाला, पाणी जोराने फेकण्याची ताकद कुठून आणायची? आणि ती ताकद तोवर साठवून कुठे ठेवायची?

पहिलं उत्तर फारच नाट्यमय होतं. १७२३ साली लंडनच्या ॲम्ब्रोज गॉडफ्री नावाच्या रसायनतज्ज्ञाने एक पिंप बनवलं. पिंपात आग विझवणारं द्रव आणि मधोमध डब्यात बंदुकीची दारू. वात पेटवायची, पिंप आगीत लोटायचं, दारूचा स्फोट झाला की द्रव चहूकडे उडतं. आग विझवायला दारू! हसू येतं, पण विचार पक्का होता. ताकद आधी साठवायची आणि क्षणात मोकळी करायची, ही कल्पना तिथे आली.

दुसरा माणूस किनाऱ्यावरचा, त्यामुळे तुम्हाला जवळचा वाटेल. कॅप्टन जॉर्ज विल्यम मॅन्बी, इंग्लंडच्या नॉरफोक किनाऱ्यावरचा. १८०७ साली त्याने किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर अडकलेल्या जहाजातली माणसं बुडताना पाहिली, आणि उखळी तोफेतून दोर फेकून तो जहाजापर्यंत पोचवण्याची युक्ती काढली. ही युक्ती लगेच कामी आली आणि पुढे तिने शेकडो जीव वाचवले. मग हाच माणूस आगीकडे वळला. १८१८ च्या सुमाराला त्याने तांब्याचं एक भांडं तयार केलं. त्यात तीन गॅलन, म्हणजे साडेतेरा लिटरच्या आसपास, पोटॅशियम कार्बोनेटचं पाणी. हा लाकडाच्या राखेतून काढायचा क्षार. वरच्या मोकळ्या जागेत पंपाने दाबून भरलेली हवा. तोटी उघडली की फवारा.

आजच्या सिलिंडरचा हा खरा पूर्वज. पण त्याच्यात एक गोम होती. दाबलेली हवा म्हणजे पळायला टपलेली हवा. सांध्यातून, तोटीतून ती हळूहळू निसटते. भांडं भिंतीशी वर्षभर तसंच उभं, बाहेरून काही फरक नाही. आत दाब आहे की नाही, कळायचं कसं? सुबक, स्वस्त दाबमापक तेव्हा नव्हता. वाकड्या नळीचा दाबमापक युजेन बूर्दाँने फ्रान्समध्ये नोंदवला तो १८४९ साली.

म्हणून सोडा-आम्लाची कल्पना आम्हाला इतकी देखणी वाटते. १८६६ साली फ्रान्सच्या फ्रांस्वा कार्लिए याने पेटंट घेतलं : सोड्याचं पाणी आणि टार्टारिक आम्ल. हे आम्ल आपल्या चिंचेतही असतं. चिंचेच्या कोळात सोडा टाकून फेस आणण्याचा खेळ कुणी केला नाही? पुढे १८८१ साली अमेरिकेत ॲल्मन ग्रेंजरने सल्फ्युरिक आम्लाचं पेटंट घेतलं आणि पाठ्यपुस्तकातल्या आकृतीचं रूप तिथे ठरलं. यात दाब साठवलेलाच नाही. भांड्यात पाणी, सोडा, कुपीत आम्ल, तोटी उघडी, दाब शून्य. निसटायला काही नाहीच. दाब जन्माला येतो तो गरजेच्या क्षणी.

इथे आमच्यातला जुना मास्तर बोलल्याशिवाय राहत नाही. सांख्य म्हणतात, कार्य कारणात आधीच असतं, तिळात तेल असतं तसं. नैयायिक म्हणतात, नाही, कार्य नव्याने उत्पन्न होतं. भिंतीवर टांगलेल्या नळकांड्यात दाब 'आहे' का? सांख्य म्हणेल, आहे, अव्यक्त. नैयायिक म्हणेल, मुळीच नाही. मॅन्बीचं भांडं सांख्यांचं म्हणू, ग्रेंजरचं नैयायिकांचं. कारागिराच्या दृष्टीने नैयायिकांची बाजू सोयीची पडली, कारण जे नाहीच ते गळणार कसं?

आता थोडा हिशोब. अमेरिकी घडणीच्या अडीच गॅलनच्या, म्हणजे साडेनऊ लिटरच्या नळकांड्यात दीड पौंड सोडा घालत आणि चार औंस तीव्र आम्ल. चार औंस म्हणजे जेमतेम अर्धा कप. तेवढ्यातून सुमारे शंभर लिटर वायू सुटतो. शंभर लिटर वायूला दोन-अडीच लिटरची मोकळी जागा! त्याला बाहेरची वाट एकच, पाणी पुढे लोटत तोटीकडे. फवारा तीस-चाळीस फूट जातो आणि मिनिटभरात सगळा खेळ आटोपतो. सोडा आम्लाच्या गरजेपेक्षा जास्त घालत, हेही लक्षात घ्या; म्हणजे आम्ल पुरतं खर्ची पडावं आणि विझवणाऱ्याच्या अंगावर, सामानावर जळजळीत पाणी उडू नये.

आम्ल सोड्याला कसं भेटवायचं, याच्या दोन तऱ्हा होत्या. एकीत दट्ट्या किंवा खुंटी मारून काचेची कुपी फोडायची. दुसरीत बाटलीच्या तोंडावर शिशाचं सैल बूच. नळकांडं उलटं केलं की बूच सरकतं. दुसरी तऱ्हा जास्त हुशारीची, कारण काच फुटत नाही, बाटली पुन्हा वापरता येते. बूच सैल असूनही लागायचंच, कारण तीव्र सल्फ्युरिक आम्ल हवेतली ओल ओढून घेतं आणि हळूहळू पातळ होऊन चढत जातं. आपल्या कोकणातल्या पावसाळ्यात त्याचं काय होत असेल, विचार करा.

पण या देखणेपणाची किंमत होती. एकदा उलटं केलं की थांबवणं नाही. आग चिमूटभर असो की खोलीभर, सगळं पाणी येणार. वर्षाकाठी ओतून, धुऊन पुन्हा भरावं लागे. आणि तोटीत कचरा अडकला, किंवा पत्रा आतून गंजला, तर जन्मभर शून्य दाबावर राहिलेलं ते भांडं एका सेकंदात भरमसाट दाबाखाली यायचं. मॅन्बीचं भांडं कमकुवत असतं तर ते हवा भरतानाच, दुकानात, कळलं असतं. सोडा-आम्लाचं भांडं कमकुवत आहे हे कळायचं ते आगीसमोर, आणि तेही ते छातीशी उलटं धरलेलं असताना. अमेरिकेत जुनी नळकांडी अशी फुटून माणसं मेली. तिथे उलटी करायची अग्निशामकं बनवणं १९६९ साली थांबलं, आणि कामाच्या जागांवरून ती १९८२ पर्यंत हटवायला लावली. आपल्याकडे सोडा-आम्लासाठी भारतीय मानक ९३४ होतं. एसटी स्टँड, टॉकीज, कचेऱ्या, सगळीकडे ही लाल नळकांडी बरीच वर्षं लटकत होती. पुढे तेही मोडीत निघालं.

आम्हाला या इतिहासात जे खरं टोचतं ते हे. पंखा चालतो की नाही, बटण दाबून कळतं. हे नळकांडं चालेल की नाही हे चालवल्याशिवाय कळत नाही, आणि चालवलं की ते संपलं. प्रत्यक्ष प्रमाणाला इथे जागाच नाही. अनुमान करायचं तर धूर दिसायला हवा, आणि हे यंत्र धूर दाखवत नाही, गप्प राहतं. उरलं काय? शब्दप्रमाण. कुणीतरी गळ्यात अडकवलेली चिठ्ठी : अमुक तारखेला भरलं, अमुक तारखेला तपासलं. न्यायशास्त्रात शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा, म्हणजे ज्याला वस्तू जशी आहे तशी माहीत आहे आणि जो तसंच सांगू इच्छितो त्याचा. दोन्ही अटी एकदम. नुसती सही पुरत नाही.

(जाता जाता, पेट्रोल पंपावरच्या वाळूच्या लाल बादल्या पाहिल्यात? त्यांचा तळ गोल असतो. जमिनीवर ठेवली की लवंडते, म्हणून कुणी ती धुण्याला, झाडांना पाणी घालायला नेत नाही. माणसाचा स्वभाव ओळखून केलेलं याहून चांगलं काम आम्ही पाहिलेलं नाही.)

या सगळ्या यंत्रांचं राज्य पहिल्या काही मिनिटांचं, हेही सांगायला हवं. सध्या अग्निशमन सप्ताह चालू आहे. तो १४ एप्रिललाच का सुरू होतो, हे मुंबईत नोकरीधंदा केलेल्या घरांना सांगायला नको. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक, फोर्ट स्टिकिन जहाज. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं, आणि कराचीहून चढवलेल्या कापसाच्या साडेआठ हजारांवर गासड्या. दुपारी दोनच्या सुमाराला दुसऱ्या खणात आग असल्याचं लक्षात आलं. नऊशे टनांवर पाणी ओतलं. ते पाणी उकळू लागलं, पण धुरात आगीचं मूळ सापडेना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, चार चौतीसला दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. दाबून बांधलेल्या कापसाची आग वरून भिजवून विझत नाही, ती आत धुमसत राहते. तिथे आपलं नऊ लिटरचं नळकांडं म्हणजे समुद्रात पळी. त्याची वेळ असलीच तर दोन वाजण्यापूर्वीची होती, कुठेतरी पहिली ठिणगी पडली त्या क्षणाची. 

बाकीची वंशावळ भराभर सांगतो. तेलाच्या आगीवर पाणी मारलं की जळतं तेल तरंगत पसरतं. म्हणून तेलविहिरींच्या बाकू शहरातल्या अलेक्झांडर लोरान या शिक्षकाने १९०४ च्या सुमाराला फेसाची युक्ती काढली : तोच सोडा, पण आम्लाच्या जागी तुरटीच्या जातीचं ॲल्युमिनियम सल्फेट, आणि फेस टिकावा म्हणून पुढे ज्येष्ठमधाच्या अर्कासारखे पदार्थ. इथे मात्र वायू आगीवर खरंच काम करतो, बुडबुड्यांत कोंडून. मग १९११ च्या सुमाराला पायरीनचा छोटा पितळी पंप आला, कार्बन टेट्राक्लोराइडचा. मोटारीत ठेवायला सुटसुटीत, विजेच्या आगीला चालणारा. पण तापल्या धातूवर त्याचा फॉस्जीन होतो, आणि फॉस्जीन पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरला गेला. बंद खोलीत आग विझायची, माणूस गुदमरायचा. १९२४ साली टेलिफोन केंद्रांसाठी कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर आलं. परीक्षेतल्या उत्तराला खरा मार्क द्यायचा तर तो तिथे.

आज तुमच्या दुकानात, शाळेत जो लाल सिलिंडर आहे तो बहुतेक कोरड्या पावडरीचा, आत आधीच दाब भरलेला. म्हणजे फिरून आपण मॅन्बीकडे आलो! फरक एवढाच की त्याच्या मानेवर बूर्दाँच्या घराण्यातला एक काटा बसला. काटा हिरव्यात असेल तर दाब आहे. सांख्यांचा अव्यक्त दाब डोळ्यांना दिसायला लागला, आणि सोडा-आम्लाचं सगळं चातुर्य त्या काट्याने निकालात काढलं.

पण काटा दाबाबद्दलच बोलतो. पावडर आत बसून घट्ट झाली आहे का, नळी तडकली आहे का, हे तो सांगत नाही. तिथे पुन्हा शब्दप्रमाण. आपल्या राज्यात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्यानुसार मालकाने किंवा भोगवटादाराने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. बघा, कायद्यातही शब्द 'प्रमाण'पत्र असाच आहे. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. त्यानंतर राज्यभरातल्या रुग्णालयांची अग्निसुरक्षा तपासणी करायचे आदेश निघाले. कायदा तेव्हाही चौदा-पंधरा वर्षांचा होता.

तेव्हा उद्या सकाळी एवढं करा. सिलिंडर भिंतीवरून उतरवा. काटा बघा, पिन आणि तिचं सील बघा, नळीचं तोंड बघा. त्यात कुंभारमाशीने घर केलेलं असू शकतं. चिठ्ठीवरची तारीख वाचा, आणि सही कुणाची आहे तेही वाचा. सही करणाऱ्याने तो सिलिंडर खरंच हातात घेतला होता का, हे दुकानातल्या जुन्या माणसाला विचारा. त्याला आठवत असतं.

आमचं एवढंच. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा, अजून दहा मिनिटं आहेत.