पाण्याचं इंजिन

आपल्या वऱ्हाडात पाण्यावर चालणारं इंजिन होतं असं कुणी म्हटलं, तर ते अर्धंच खरं आहे. यवतमाळ, मूर्तिजापूर आणि अचलपूर यांना जोडणारी ‘शकुंतला’ १९९४ पर्यंत वाफेवर धावली. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं तिचं इंजिन पाणी पीत असे खरं. पण पाणी वाफ होऊन फक्त दट्ट्या ढकलायचं. ताकद होती कोळशाची. भट्टी विझली, की टाकी काठोकाठ भरलेली असूनही गाडी जागची हलत नसे.

मग नुसत्या पाण्यावर गाडी चालवायचं स्वप्न आलं कुठून? १८०० साली निकल्सन आणि कार्लाइल या दोघा इंग्रजांनी विजेनं पाणी फोडून त्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे काढले. हायड्रोजन जळतो, तेव्हा पाण्यात इंधन दडलेलं आहे, असा समज रुजला. पुढे त्या समजाची दुकानं निघाली. अमेरिकेत स्टॅन्ली मेयर यांनी पाण्यावर धावणारी बग्गी दाखवली. १९९६ साली ओहायोच्या न्यायालयानं ती फसवणूक ठरवली आणि दोन गुंतवणूकदारांचे पैसे परत करायला लावले. त्याच वर्षी तमिळनाडूचे रामर पिल्लै पाण्यात वनस्पती उकळून पेट्रोल काढतो म्हणाले आणि देशभर गाजले. २०१६ मध्ये चेन्नईच्या न्यायालयानं त्यांना तीन वर्षांची शिक्षा सुनावली.

यातली मेख साधी आहे. पाणी म्हणजे जळून गेलेला हायड्रोजन. एका अर्थी राखच. ९ किलो पाण्यातून १ किलो हायड्रोजन निघतो. तो जाळून सुमारे ३३ युनिट ऊर्जा मिळते, पण काढायला ५० युनिटच्या आसपास वीज खर्ची पडते. आज सरकार ज्या हरित हायड्रोजनची योजना राबवतं, त्यातही इंधन पाणी नाही. ताकद उन्हाची आणि वाऱ्याची आहे.

अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात प्यायचं गोडं पाणीच मुश्किलीनं मिळतं. डिझेलच्या भावानं पिचलेल्या शेतकऱ्याला पाण्यावर चालणाऱ्या पंपाची गोष्ट गोड वाटणारच, आणि विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून पैसे मोजण्याआधी शकुंतलेच्या ड्रायव्हरसारखं एकच विचारावं: टाकी दिसली, बाबा, भट्टी कुठं आहे?