नगरच्या कोर्समधून बसंतरकडे

आमच्या आजोबांचं भिंगारला शिलाईचं दुकान होतं. कॅम्पातल्या साहेबलोकांचे गणवेश त्यांच्याकडे शिवायला यायचे. 1971 च्या लढाईबद्दल ते फार बोलत नसत. रणगाड्याच्या शाळेत शिकायला आलेली पोरं मापं देऊन गेली आणि एकाएकी आघाडीवर निघून गेली, शिवलेले कपडे खुंटीला तसेच राहिले, एवढंच सांगायचे. “मिसरूड फुटायच्या वयाची पोरं रे,” म्हणायचे आणि पुन्हा मशीनवर पाय ठेवायचे.

त्या वर्षी नगरच्या त्या शाळेत शिकत असलेल्यांत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपालही होता. आजोबांना त्याचं नाव माहीत असण्याचं कारण नव्हतं. मलाही तो पुढे कळला तो वडीलधाऱ्यांच्या तोंडूनच. एकविसाव्या वर्षी गेलेला माणूस स्वतःच्या आठवणी लिहायला उरत नाही. त्याचे वडील, भाऊ, पलटणीतले सोबती आणि त्याच्यावर गोळा डागणारा माणूस, या सगळ्यांनी मिळून तो आपल्यापर्यंत पोचवला आहे.

जन्म पुण्याचा, 14 ऑक्टोबर 1950 चा. वडील लष्करात इंजिनिअर, घराणं मूळचं सरगोध्याचं, फाळणीत गाव सुटलेलं. सनावरची शाळा, खडकवासला, मग देहरादून. 13 जून 1971 ला तो पुणे हॉर्समध्ये रुजू झाला. पेशवाईच्या अखेरीस, 1817 साली उभी राहिलेली ही पलटण. 1965 साली तिच्याच कर्नल तारापोरांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं होतं. अरुणचा नगरचा कोर्स अर्धवट राहिला होता, त्यामुळे कमांडिंग ऑफिसर हणूतसिंग त्याला लढाईत न्यायला राजी नव्हते. त्यानं हट्टच धरला. आघाडीवर जाताना तो दिल्लीला घरी थांबला. घरचे सांगत की सामानात त्यानं गोल्फच्या काठ्या आणि मेजवानीचा निळा गणवेश भरला होता. लाहोरला गोल्फ खेळायचं होतं ना! मला या काठ्या त्याला मरणोत्तर मिळालेल्या परमवीरचक्रापेक्षा जवळच्या वाटतात. पदक सगळ्या देशाचं आहे, काठ्या त्या मुलाच्या होत्या.

शकरगढ भागात 15 डिसेंबरच्या रात्री आपल्या पायदळानं बसंतर नदीपलीकडे पाय रोवले. रणगाड्यांसाठी सुरुंग काढून वाट करायचं काम अजून पुरं व्हायचं होतं. पलीकडे शत्रूच्या रणगाड्यांची हालचाल सुरू झाल्याची खबर आली, तेव्हा पुणे हॉर्स न काढलेल्या सुरुंगांतूनच पुढे घुसली. 16 ला सकाळी जरपालजवळ पाकिस्तानच्या 13 लान्सर्सचे पॅटन रणगाडे चाल करून आले. पलीकडच्या स्क्वाड्रननं मदत मागितली आणि अरुण आपली तुकडी घेऊन निघाला. वाटेत शत्रूच्या मोर्चांवरून मारा होत होता, ते मोर्चे मोडत तो पोचला.

त्याच्या सेंच्युरियन रणगाड्याचं नाव ‘फामागुस्ता’. सुमारे 50 टनांचं धूड, आत चार माणसं, आणि बाहेरचं नीट दिसावं म्हणून कमांडरनं डोकं वर काढायचं. शेवटी त्या जागी आपले तीनच रणगाडे उरले. एक गोळा लागून बंद पडला, दुसऱ्याची तोफ चालेना. मग फामागुस्तालाही गोळा लागला, आग लागली. रणगाडा सोडून मागे ये, असा हुकूम रेडिओवर आला. तोफ अजून चालते आहे, मी सोडणार नाही, असं त्याचं उत्तर होतं. त्या चढाईत शत्रूचे दहा रणगाडे नष्ट झाले. त्यांतले चार त्यानं टिपले, असं परमवीरचक्राचं मानपत्र सांगतं. शेवटचा तर शंभरेक मीटरवर होता. मग आणखी एक गोळा लागला. त्याचा सवार नंदसिंगही त्याच रणगाड्यात गेला. त्याचं नावही अरुणबरोबर घेतलं पाहिजे. ते फार कमी वेळा घेतलं जातं.

त्याच संध्याकाळी ढाक्याला शरणागतीवर सह्या झाल्या. दुसऱ्या दिवशी सांब्याजवळ अरुणचं दहन झालं आणि रात्री पश्चिम आघाडीही शांत झाली. घरी मात्र काहीच कळलं नव्हतं. लढाई संपली, आता पोरगा येणार, म्हणून त्याची खोली झाडून ठेवली, मोटारसायकल दुरुस्त करून आणली. बातमी पोचली 26 डिसेंबरला. मधले ते दिवस त्या आईनं आनंदात काढले असतील, हे मला अजून सहन होत नाही.

2001 साली वडील, ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, एक्याऐंशीव्या वर्षी सरगोध्याचं जुनं घर पाहायला पाकिस्तानात गेले. लाहोरला त्यांची सरबराई केली ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासर यांनी. निघायच्या आदल्या रात्री नासरांनी सांगितलं, त्या सकाळी 13 लान्सर्समध्ये मी होतो, तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. सांगितलं नसतं तरी म्हातारा पाहुणा सुखानं परत गेला असता. पण ज्याचं मीठ खाल्लं त्यानंच आपला मुलगा मारला, हे त्याला पुढे तिसऱ्याकडून कळण्यापेक्षा यजमानानं समोर बसून सांगितलं, यात मला मोठी सचोटी दिसते. नंतर नासरांनी फोटो पाठवले. सोबतच्या मजकुरात त्यांनी अरुणला शहीद म्हटलं होतं.

आजोबांना मी हे सगळं वाचून दाखवलं. ते ऐकत राहिले. मग विचारलं, “तो रणगाडा कुठंय आता?” मी सांगितलं, दुरुस्त करून आपल्या नगरलाच आणलाय, रणगाड्याच्या शाळेत ठेवलाय. “मग चल की,” म्हणाले, आणि टोपी शोधायला उठले.