किल्लारीच्या भिंती

मराठवाड्यात घर किती मोठं हे सांगताना खोल्या मोजत नाहीत, खण मोजतात. पाच खणांचं घर, सात खणांचा वाडा. आणि घर किती भक्कम हे सांगायचं तर भिंतीची जाडी सांगतात. दोन फूट, अडीच फूट, वाडा असेल तर त्याहून जास्त. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार आणि चोराची पहार दमवणारी. अशा भिंतींच्या घरात लेक दिली की बाप निर्धास्त होई.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी याच भिंतींखाली लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातली जवळपास आठ हजार माणसं झोपेतच गेली. ती भूकंपानं मारली, असं आपण म्हणतो. माझे अब्बा गवंडी होते. ते तसं म्हणत नसत.

आमचं गाव उमरगा तालुक्यातलं, किल्लारीपासून फार लांब नाही. मी नुकताच बी. ए. होऊन घरी बसलो होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गावच्या गणपतीपुढं आम्ही पोरं लेझीम खेळलो आणि उशिरा घरी येऊन पडलो. झोपेत आधी आवाज आला. जमिनीखालून शेकडो बैलगाड्या दगडावरून पळवाव्यात तसा. मग जमीनच अंगाखालून ओढली गेली. माळवदाची माती तोंडावर कोसळू लागली. अम्मीचा आवाज तेवढा ऐकू येत होता, ‘उठो रे, भार निकलो!’ दाराची कडी हाताला लागत नव्हती. त्यात दाराशेजारची भिंत बाहेरच्या अंगाला कोसळली आणि आम्ही तिथूनच बाहेर पडलो. मागं वळून पाहिलं तर भिंती नव्हत्या. सागाच्या खांबांवर माळवद मात्र उभं होतं.

सगळ्यांच्या वाट्याला हे नशीब आलं नाही. ज्यांचं छत भिंतींवर टेकलेलं होतं, त्यांच्यावर भिंतही आली आणि छतही. गावाबाहेर पत्र्याच्या आणि कुडाच्या घरांत राहणारी, शेतातल्या खोपीत निजलेली माणसं बहुतेक वाचली. गरिबीनं कुणाला वाचवावं, असं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पुढचे दिवस पावसाचे होते. ओल्या लाकडांवर चिता पेटत नव्हत्या आणि कबर खणणाऱ्यांचे हात सोलून निघाले होते. कोण कुणाला खांदा देतोय हे विचारायला कुणालाच सवड नव्हती.

अब्बांनी गावात बांधलेल्या घरांपैकी तीन घरांत माणसं गेली होती. तिसऱ्या दिवशी ते एका ढिगाऱ्यापाशी बसले आणि एकेक दगड हातात घेऊन पाहू लागले. मी बोलवायला गेलो तर म्हणाले, ‘हे बघ, एका दगडाचं दुसऱ्याशी नातंच नव्हतं.’

आमच्याकडची भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती. बाहेरून घडीव दगड, आतून ओबडधोबड, आणि मधल्या पोकळीत डबर आणि चिखल. दोन्ही अंगांना जोडणारा लांब दगड अधूनमधून आरपार बसवायचा असतो. अब्बांच्या वस्तादांच्या काळी तो बसवत. पण असा दगड महाग, घडवायला वेळखाऊ. बांधणारा घाईत आणि बांधून घेणारा काटकसरीत. हळूहळू तो गेला. बाहेरून भिंत तशीच देखणी दिसत राहिली. हादरा बसताच दोन्ही अंगं एकमेकांपासून सुटली आणि डबर खाली घसरला. वरून माळवदाचं ओझं. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला आम्ही त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर देत असू. बापानं दिला, आज्यानं दिला. तीन पिढ्यांची माती डोक्यावर घेऊन माणसं निजत होती.

आपल्याकडं भूकंप होतो, हे कुणाच्या गावीही नव्हतं. १९६७ चा कोयनेचा भूकंप वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात यायचा, पण ते कोकणकड्याकडचं दुखणं. देशाच्या भूकंप-नकाशात आमचा भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. तो नकाशा २००२ मध्ये सुधारला गेला. किल्लारी परिसरात १९९२ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतर धक्के बसले होते. लोक काही दिवस उघड्यावर निजले. मग धक्के थांबले, थंडी आली आणि भीती ओसरली. माणसं पुन्हा त्याच भिंतींच्या आत गेली. शास्त्रज्ञांनी पुढं या भूकंपाची मोजणी ६.२ ते ६.४ च्या दरम्यान केली. जपानमध्ये एवढ्या धक्क्यानं इतकी माणसं मरत नाहीत.

नंतर जागतिक बँकेच्या मदतीनं मोठं काम झालं. ५२ गावं नव्यानं वसवली गेली. जी घरं तडकली होती पण उभी होती, त्यांच्यासाठी १३ जिल्ह्यांत दुरुस्तीचा आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम निघाला. गवंड्यांना प्रशिक्षण मिळालं. अब्बा तेव्हा पन्नाशी ओलांडलेले. नातवाच्या वयाचा इंजिनिअर शिकवत होता: भिंतीतला दगड काढून आरपार भोक पाडा, त्यात सळई घालून काँक्रीट भरा, माळवदावरची जादा माती उतरवा, खांब आणि तुळईच्या जोडाला तिरके टेकू द्या. अब्बा संध्याकाळी घरी येऊन म्हणाले, ‘माझ्या वस्तादाचा लांब दगडच हा. फक्त आता तो सिमेंटचा झाला.’ त्यानंतर हयात असेपर्यंत त्यांनी लांब दगडाशिवाय भिंत उचलली नाही. त्यापायी कामं गेली, तरी नाही.

२१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली, नांदेड, परभणी भागात धक्के बसले. मला गावाकडून फोन आले. घाबरलेल्या आवाजांत तरुण आवाज कमीच होते. किल्लारी त्यांच्यासाठी पुस्तकातला धडा आहे. गावी गेलो की दिसतं, जुन्या भिंतींवर नवे स्लॅब पडताहेत, वाढीव खोल्या चढताहेत, आणि दारा-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना बांधून ठेवणारा काँक्रीटचा पट्टा ‘उगाच खर्च’ म्हणून वगळला जातो आहे. फरशी मात्र चकचकीत हवी असते.

मराठवाड्याच्या भूकंपाचा इतिहास आपण मृतांच्या आकड्यांत आणि दरवर्षीच्या श्रद्धांजलीत लिहितो. तो भिंतीच्या पोटातही लिहिलेला आहे, आणि तिथं तो वाचायला गवंडी लागतो. तुम्ही घर बांधत असाल तर रंग आणि फरशी ठरवण्याआधी आपल्या मिस्त्रीला एवढं विचारा, भिंतीची दोन अंगं कशानं बांधलीत? त्याला उत्तर देता आलं नाही, तर काम तिथंच थांबवा.