नऊ आण्यांचं पुस्तक

स्त्रियांचा इतिहास ही अभ्यासशाखा विद्यापीठात जन्मली, असं सर्रास मानलं जातं. पुण्यात तरी तिचं कूळ एका छापखान्यात सापडतं. 1882 साली इथल्या श्री शिवाजी छापखान्यात 'स्त्री पुरुष तुलना' छापून निघालं. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. लेखिका बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. वडील सरकारी कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक.

निमित्त सुरतेचं. विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल शिक्षा झाली आणि 'पुणे वैभव' या वृत्तपत्राने त्यावरून समस्त बायकांनाच धारेवर धरलं. ताराबाईंनी दयेची याचना केली नाही. बाईला दोषी ठरवणारी शास्त्रं, पुराणकथा, नाटकं, कादंबऱ्या समोर ओढली आणि विचारलं, हे सगळं लिहिलं कुणी? साक्षीदारच फिर्यादी निघाला, तर निकाल काय लागणार! पुढे संशोधकांनी याला 'पद्धत' म्हटलं. ताराबाईंच्या लेखी तो निव्वळ संताप होता.

जोतीराव फुल्यांनी आपल्या 'सत्सार' या पुस्तिकेतून त्यांची पाठराखण केली. मग पुस्तक विस्मरणात गेलं. ताराबाईंचं दुसरं पुस्तक उपलब्ध नाही. 93 वर्षांनी, 1975 मध्ये, संशोधक स. गं. मालशे यांनी 'स्त्री पुरुष तुलना' पुन्हा प्रसिद्ध केलं. तेच आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. स्त्री चळवळीतल्या बायकांच्या हाती आयतीच पणजी लागली.

पुणे विद्यापीठात स्त्री अभ्यास केंद्र आलं ते 1987 मध्ये. विद्युत भागवत आणि पुढे शर्मिला रेगे यांनी ते नावारूपाला आणलं. पण खरा धक्का बाहेरून बसला. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या वयस्क कार्यकर्त्यांना गाठून बोलतं केलं. 'आम्हीही इतिहास घडवला' 1989 मध्ये आलं. 'स्त्रियांचा इतिहास' म्हणजे नेमक्या कुठल्या स्त्रियांचा, हा प्रश्न त्यानंतर टाळता येईना. रेगे यांनी दलित स्त्रियांची आत्मकथनं अभ्यासाच्या मध्यभागी आणली, ती याच वाटेने.

2014 पासून विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव आहे. ते योग्यच झालं. पण इतिहासाचा विद्यार्थी ताराबाईंचं पान न उलटता पदवी घेऊन बाहेर पडत असेल, तर स्त्री अभ्यास केंद्राचा मजकूर अजून इतिहास विभागात पोचायचा आहे. पुस्तक आज सहज मिळतं, लहान आहे. अभ्यासक्रमाची वाट न पाहता वाचा.