पेवावरची मांजर

पूर्णेत आमच्या आजीच्या घरी मांजर पाळायचे नियम पक्के होते, पण लिहिलेले कुठेच नव्हते. मांजर विकत आणायची नाही, ओळखीच्या घरून पिलू मागून आणायचं. व्यालेली मांजर पिलांना सात घरं फिरवते, म्हणून ती आपल्या माळ्यावर आली की हुसकायची नाही. आणि मारायची तर नाहीच. मांजर मारली की काशीला सोन्याची मांजर दान द्यावी लागते, हे आजी इतक्या गांभीर्यानं सांगे की आम्हा पोरांची काठी उचलायची हिंमत होत नसे.

या सगळ्यामागे ज्वारी होती. पूर्णा आणि गोदावरी नद्यांच्या काळ्या रानातली ज्वारी पेवात, कणगीत वर्षभर राही, आणि तिच्यावर उंदरांचा डोळा. 1900 च्या सुमारास निजामाच्या राज्यातून हैदराबाद-मनमाड मीटर गेज लाईन सुरू झाली, पुढे हिंगोलीकडे फाटा निघून पूर्णा जंक्शन झालं. मालधक्क्यावर पोत्यांची चळत लागली, तसे उंदीरही वाढले.

तो काळ प्लेगचा. 1896 मध्ये मुंबईत साथ आली. 1897 च्या साथरोग कायद्यानं सरकारला घरात शिरायचा अधिकार दिला. पुण्यात सोल्जर माजघरापर्यंत गेले, आणि त्याच वर्षी 22 जूनला तिथला प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. प्लेग उंदरावरच्या पिसवेतून माणसात येतो, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं 1898 मध्ये कराचीत ओळखलं, पण ते मान्य व्हायला काही वर्षं गेली.

मग आपल्या शेजारच्या वऱ्हाडात एक वेगळी गोष्ट घडली. अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्युकॅनन यांनी खेड्यांतली मांजरं मोजायला घेतली. जिथे मांजरं भरपूर, तिथे प्लेग कमी, असं त्यांना दिसलं. 1908 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी मांजर पाळणं हे प्लेगवरचा उपाय म्हणून मांडलं. मांजरीलाही प्लेग होतो आणि तिच्यापासून माणसाला होऊ शकतो, हे आज आपल्याला माहीत आहे, त्यामुळे तो उपाय पुरा नव्हता. तरी मला ब्युकॅनन यांचं मोल वाटतं. घरं रिकामी करवणाऱ्या सरकारच्या नोकरीत राहून त्यांनी बायाबापड्यांच्या जुन्या रीतीकडे नीट पाहिलं.

आता लिखित नियमांचे दिवस आलेत. पुणे महापालिकेनं 2022 मध्ये पाळीव मांजरांच्या नोंदणीचा निर्णय घेतला. प्राणी पाळायला हाउसिंग सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ सांगतं. पूर्णेसारख्या गावात उद्या नोंदणी आली तर मी तिच्या बाजूनं उभी राहीन. मात्र आधी रेबीजची लस सरकारी जनावरांच्या दवाखान्यात सहज मिळावी, आणि फी नसावी. ज्या घरात मांजर उंदरांसाठी राहते, तिथे पावतीसाठी पैसे कुणी काढणार नाही.

आणि एक विनंती गावकऱ्यांना. नको असलेली पिलं पोत्यात घालून स्टेशनापलीकडे सोडून येऊ नका. जनावर उपाशी-तहानेलं मरेल अशा ठिकाणी टाकून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड त्या कायद्यात 10 ते 50 रुपये लिहिलेला आहे, आणि तो फारच थोडा आहे.