ज्यांना पेन्शन नाही ते ड्रायव्हर

१९५४ साली टाटांच्या टेल्कोने डेम्लर-बेंझशी करार केला आणि जमशेदपुरात बनलेले ट्रक देशभर धावू लागले. १९६९ मध्ये करार संपला, ट्रकच्या पुढचा डेम्लर-बेंझचा तारा जाऊन टाटांचा ‘टी’ आला. आज सत्तरी ओलांडलेले कितीतरी निवृत्त ड्रायव्हर याच गाड्यांवर घडले.

बहुतेकांची सुरुवात क्लीनर म्हणून. ताडपत्री ओढायची, दोर आवळायचे, चढावर गाडी थांबली की उडी टाकून चाकाला उटी लावायची आणि उस्तादाचा हात बघत गियर शिकायचे. पॉवर स्टिअरिंग नव्हते. भरलेली गाडी वळवताना खांदे भरून येत, इंजिनाची धग पाय भाजून काढी.

खरी परीक्षा घाटात. बोरघाटातला गाडीरस्ता गव्हर्नर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत, १८३० मध्ये खुला झाला. द्रुतगती मार्ग होईपर्यंत मुंबई-पुण्यादरम्यानचे बहुतेक ट्रक याच वळणांवर चढत-उतरत. ज्या गियरमध्ये चढायचे त्याच गियरमध्ये उतरायचे, ब्रेकवर पाय दाबून ठेवला तर लायनर तापून ऐनवेळी ब्रेक लागत नाही, न्यूट्रल म्हणजे मरण. हे ज्ञान उस्तादाकडून क्लीनरकडे तोंडीच आले. घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना वाट दाखवणारा धनगर, अशी त्याची आख्यायिका. तिथे नाणे टाकून पुढे जाण्याचा रिवाज ड्रायव्हरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला.

घाट उतरला की जकात नाका. मुलुंडच्या रांगेत रात्र जाई. मुंबईची जकात उठली ती थेट २०१७ मध्ये, जीएसटी आल्यावर.

या सगळ्यात घर कुठे होते? गावात फोन नव्हता. खेप लांबली तर निरोप द्यायचा तो त्याच वाटेने जाणाऱ्या दुसऱ्या ड्रायव्हरकडे. पेरणी, मुलांची शाळा, म्हाताऱ्यांचे आजारपण बायकोने एकटीने निभावले. मालवाहतुकीच्या इतिहासात या बायकांचे नाव नाही, आणि ते असायला हवे.

कायदा मात्र होता. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम ठरवले. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायाला लागू होता, आणि आपल्याकडे एक-दोन गाड्यांचे मालकच जास्त. त्यामुळे हजेरीपट नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, पेन्शन नाही. डोळे अधू झाले, गुडघे गेले, की स्टिअरिंग सुटले, हीच निवृत्ती. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले. चांगलेच झाले, पण या पिढीसाठी फार उशिरा.

तुमच्या घरात, आळीत असा कोणी म्हातारा ड्रायव्हर असेल तर त्याच्याजवळ वही घेऊन बसा. कुठला माल, किती भाडे, कुठला ढाबा, कुठले वळण, सारे लिहून घ्या. त्याच्या बायकोलाही विचारा.