कडक चहा नेमका कुणी ठरवला?

दर वेळेप्रमाणे हा भाग लिहून काढताना थोडा साफसूफ केला आहे. ज्यांनी ऐकला त्यांना भुरक्यांचे आवाज आठवत असतील. वाचणाऱ्यांची त्यातून सुटका.

तर झालं असं, की मित्राच्या घरी, चंद्रपुरात, टेबलावर पाच पुड्या मांडल्या होत्या. पहिलीत गोल बाजारातून तोलून आणलेली मोकळी बारीक पत्ती, दुकानदार जिला नुसतं ‘डस्ट’ म्हणतो ती. दुसरीत तिथलाच जाड दाणा. तिसरीत आसामची लांब पानाची पत्ती, चौथीत दार्जिलिंगची दुसऱ्या बहरातली, पाचवीत निलगिरीची. चाखायला आम्ही तिघं. मी, मित्र आणि त्याचे वडील. काका कोळसा खाणीतून निवृत्त झालेत आणि दिवसाला सहा कप चहा पितात, त्यामुळे आमच्यात खरे जाणकार तेच.

पद्धत मात्र आमची नव्हती. चहा चाखण्यासाठी कसा करायचा याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, 1980 सालचं. शंभर मिलिलिटर उकळत्या पाण्याला दोन ग्रॅम पत्ती, झाकण, सहा मिनिटं. हसू नका. याच विषयावरच्या ब्रिटिश मानकाला 1999 मध्ये इग्नोबेल मिळालं होतं, म्हणजे लोक आधीच हसून झालेत. पण त्यामागचा विचार सरळ आहे. चहा चांगला लागावा म्हणून हे मानक नाही. सगळ्या पत्त्यांना सारखीच वागणूक मिळावी, म्हणजे फरक पडलाच तर तो पत्तीचा, करणाऱ्याच्या हाताचा नाही. आम्ही सोनाराकडे असतो तसा छोटा काटा आणला, आणि पाणी कॅनचं घेतलं. आधी इरई धरणाचं नळाचं पाणी वापरून पाहिलं होतं, पण त्यात रंग मळकट आला आणि वर पातळ तवंग धरला. पाणी जड असलं की हे होतं. आपल्याकडे पत्तीला दिलेल्या निम्म्या शिव्या खरं तर पाण्याला द्यायला हव्यात.

चाखायचं चमच्याने, आणि भुरका मारून. व्यावसायिक चाखणारेही असाच जोरात ओढतात, कारण चहासोबत हवा आत गेली की वास नाकापर्यंत पोचतो. बशीत ओतून भुरके मारणाऱ्या आजोबांना आपण उगाच टोकायचो.

निकाल सांगतो. डस्ट दोन मिनिटांतच लालभडक, सहा मिनिटांनी जवळजवळ काळी, आणि जिभेवर तुरट चटका. दाणा त्याच जातीचा, पण थोडा गोल, मागे माल्टसारखी गोडसर चव ठेवणारा. आसामची लांब पत्ती त्याहून मऊ. निलगिरी स्वच्छ, हलकी, तांबूस सोनेरी. आणि दार्जिलिंग फिकट, फुलासारख्या वासाची, अंगात जरा द्राक्षाच्या सालीसारखी तुरटी. मला ती सगळ्यांत आवडली. मी तसं म्हटलंही, जरा ऐटीतच.

काकांनी चमचा खाली ठेवला. “हे तं भांडं विसळलेलं पाणी आहे बापा.”

मग त्यांनी सांगितलं तसं केलं. पाचही पत्त्या दूध-साखर घालून पातेल्यात उकळल्या. आणि पारडं पूर्ण फिरलं. दार्जिलिंग दुधात बुडून नाहीशी झाली, नुसतं गरम गोड दूध उरलं. निलगिरीही जवळपास तशीच. डस्ट मात्र उभी राहिली, दुधाला कापत. मघाशी जिभेला चटका देणारी तुरटी दुधातल्या प्रथिनांनी धरून ठेवली आणि रंग, ताकद तेवढी उरली. पहिल्या फेरीत शेवटची आलेली पत्ती दुसऱ्या फेरीत पहिली.

इथे माझ्यातला इतिहासवाला जागा झाला. ‘आपल्याला कडकच लागतो’ हे आपण असं म्हणतो, जणू ते जन्मापासून आपल्या रक्तात आहे. पण ही आवड आली कुठून, आणि कधी?

जुनी तर ती नक्कीच नाही. जॉन ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री 1689 मध्ये सुरतेला होता. शिवाजी महाराजांच्या दुसऱ्या स्वारीला तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती. त्याने लिहून ठेवलंय की इथले लोक पाण्यात गरम मसाला घालून चहा उकळतात आणि डोकेदुखी, पोटदुखीवर घेतात. सोबत खडीसाखर, कुणी हौशी असला तर मुरवलेलं लिंबू. दुधाचा उल्लेख नाही. हा चहा चीनचा, महाग, औषधासारखा. याच ओव्हिंग्टनने 1699 मध्ये चहावर एक निबंध लिहिला आणि त्यात तीन प्रकारच्या पत्त्यांची तुलना केली. म्हणजे आमच्या टेबलाचा एक पूर्वज सुरतेहून परतलेला होता.

तिथून दोनशे वर्षं पुढे या. 1890 चं पुणं, पंचहौद मिशन. रानडे, टिळक, गोखले यांच्यापुढे मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं ठेवली, गोपाळराव जोशींनी नावं छापून आणली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. गुन्हा चहाचा नव्हता, तो कुणाच्या हातचा हा होता. पण गंमत बघा, चहा तेव्हा साहेबाच्या टेबलावरची वस्तू होती. आसामात चहा पिकत होता, त्याची पहिली खेप 1839 मध्येच लंडनला लिलावात विकली गेली होती, पण तो पिकत होता परदेशी पाठवण्यासाठी. पिकवणाऱ्या देशाला तो प्यायची सवय नव्हती.

सवय लावली गेली. 1903 मध्ये मळेवाल्यांच्याच मागणीवरून चहावर उपकर बसवणारा कायदा झाला आणि त्या पैशातून जाहिरातबाजी सुरू झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात कारखाने, कापडगिरण्या आणि कोळसा खाणींमध्ये चहाचे ठेले लावले गेले. तहानलेला कामगार आयताच हाती होता. रेल्वेच्या जंक्शनांवर किटल्या आणि कप देऊन विक्रेते उभे केले, आणि ‘योग्य चहा’ कसा करायचा हे शिकवायला माणसं नेमली. योग्य म्हणजे ताजं उकळतं पाणी, मोजून पत्ती, थोडा वेळ मुरवणं, मग वरून जरासं दूध. साहेबी पद्धत.

विक्रेत्यांनी ऐकलं नाही! त्यांनी पत्ती वाचवली, दूध-साखर वाढवली, आलं-वेलची टाकली आणि सगळं एकत्र उकळलं. प्रचारकांना हे मुळीच पसंत नव्हतं, कारण मसाला घातला की पत्ती कमी लागते आणि त्यांना तर पत्ती खपवायची होती. मला या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत आवडता भाग वाटतो. आज ज्याला जग ‘भारतीय चहा’ म्हणून ओळखतं, ती मुळात शिकवलेल्या धड्याची केलेली मोडतोड आहे.

आणि मग 1930 च्या आसपास दोन गोष्टी जवळजवळ एकदम घडल्या. जागतिक मंदीत चहाचे भाव कोसळले. 1933 मध्ये चहा पिकवणाऱ्या देशांनी करार करून निर्यातीवर मर्यादा घातली. उरलेला माल कुठे जाणार? देशातच. 1937 मध्ये जुन्या उपकर समितीचं नावच बाजारपेठ वाढवणारं मंडळ असं झालं. दुसरी गोष्ट यंत्राची. आसामच्या आमगुरी मळ्यात विल्यम मॅककर्चर यांनी 1930 मध्ये दातेरी रुळांचं यंत्र बसवलं, ज्यात पान चिरडलं जातं, फाटतं आणि वळतं. हीच सीटीसी. पानाचे बारीक दाणे होतात, रंग झटकन सुटतो, एका किलोत जास्त कप होतात. दूध घालून उकळणाऱ्या हट्टी विक्रेत्याला हवी तशी पत्ती! ती सगळीकडे पसरायला स्वातंत्र्यानंतरची दोन-तीन दशकं लागली. 1970 पासून दुग्ध-महापूर योजना आली, गावोगावी दूध पोचू लागलं, आणि जोडी जमली. आज देशात होणारा बहुतांश चहा सीटीसीच आहे.

एक गैरसमज इथेच मोडतो. डस्ट म्हणजे कारखान्यात झाडून गोळा केलेला केर नव्हे. बीओपी, बीपी, पीडी, डस्ट ही नावं चाळणीच्या भोकांची आहेत. ती दाण्याचा आकार सांगतात, दर्जा नाही. चांगल्या पानाची डस्टही असते आणि टुकार पानाचा जाड दाणाही. हे काकांना सांगितल्यावर ते म्हणाले, “मंग? तेंदूपत्त्यातही तेच ना. पान मोठं म्हणून चांगलं थोडीच असते?” सत्तर पानांचा एक पुडा हातात घेऊन पान कसं आहे हे सांगणारी माणसं आपल्या जिल्ह्यात गावोगावी आहेत. पान पारखणं आपल्याला कुणी शिकवायला नको, चहाचं पान तेवढं इथलं नाही.

चंद्रपुरात हे सगळं कोणत्या वाटेने आलं असेल? वाटा दिसतात. वरोऱ्याची कोळसा खाण 1870 च्या दशकात चालू होती, 1906 ला बंद पडली, पण तोवर बल्लारपूर भागात नव्या खाणी आल्या. 1929 मध्ये काझीपेठ-बल्लारशाह मार्ग पूर्ण झाला आणि दिल्ली-मद्रास गाड्या इथून धावू लागल्या. पुढे कागद कारखाना. खाण, जंक्शन, कारखाना या तीन जागी प्रचारकांचं विशेष लक्ष होतं, आणि तिन्ही आपल्याकडे हाताच्या अंतरावर. काकांना आठवतं ते एवढंच, की त्यांच्या वडिलांच्या लहानपणी घरात चहा नव्हता आणि काकांच्या लहानपणी तो होताच. एका पिढीत रक्तात आला.

विरोध करणारेही होते, आणि सर्वांत मोठा शेजारच्याच जिल्ह्यात, सेवाग्रामला. गांधीजींनी 1942 मध्ये आगाखान पॅलेसच्या कैदेत आरोग्यावरचं पुस्तक लिहिलं, त्यात चहावर प्रकरण आहे. आपल्याला वाटतं त्यांनी सरसकट नकार दिला. तसं नाही. गाळणीत पत्ती ठेवून वरून उकळतं पाणी ओतलं आणि सोनेरी रंग आला, तर तो चहा निरुपद्रवी, असं त्यांचं म्हणणं. राग होता तो उकळून काढलेल्या चहावर, कारण त्यात टॅनिन उतरतं, ज्याने कातडं कमावतात. रसायनशास्त्र म्हणून हे नेमकं नाही. कातडं कमावायला लागणारं टॅनिन आपल्या जंगलातल्या हिरड्यात असतं, चहातली तुरट द्रव्यं त्यांची लांबची भावंडं. पण चाखणारा म्हणून गांधीजी बरोबर होते. आमची पहिली फेरी त्यांनी पास केली असती, दुसरी नाही.

आता एक कबुली. बरीच वर्षं झाली, भामरागडच्या पुढे एका माडिया घरात मला लाल चहा मिळाला होता. बिनदुधाचा, गुळाचा, स्टीलच्या पेल्यात. मी मनात म्हटलं, बिचाऱ्यांकडे दूधही नाही. पुढच्या खेपेला मी दूध पावडरचं मोठं पाकीट घेऊन गेलो. घरातल्या आजींनी ते घेतलं, बाजूला ठेवलं, आणि मला पुन्हा लाल चहाच दिला. मला ते जरा लागलं सुद्धा.

नंतर कळलं की माडियांमध्ये दूध काढून पिण्याची रीतच नव्हती. दूध वासराचं. गरिबी नाही असं मी म्हणत नाही. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की पूल बुडतो, भामरागडचा संपर्क तुटतो, तेव्हा दूधच काय, मीठही जपून वापरावं लागतं. पण तो लाल पेला म्हणजे आपल्या चहातून दूध वजा केलेलं नव्हतं. तो वेगळा चहा होता. ओव्हिंग्टनच्या सुरतेच्या जवळचा, चाखणाऱ्यांच्या टेबलाजवळचा. आणि मी, दार्जिलिंगवर ऐट मारणारा, त्या घरी पत्तीची चव बघण्याऐवजी दूध शोधत बसलो होतो.

म्हणून चाखून उरलेल्या पुड्या घेऊन गेल्या महिन्यात तिकडे गेलो. आजी आता थकल्यात, नातू दुभाषा झाला. सोनाराचा काटा नेला नव्हता, चुलीवर पाणी ठेवलं आणि एकेक पत्ती अंदाजाने टाकली. आजींनी आधी प्रत्येक पुडीत हात घातला, पान बोटांत चुरलं, वास घेतला. दार्जिलिंगला नाक मुरडलं. डस्टला म्हणाल्या, ही बाजारातली, रोजची. आसामची लांब पत्ती दोनदा मागितली. निलगिरीत थोडा गूळ टाकून बघितला आणि पेला रिकामा केला.

मग नातवाकरवी विचारलं, ही कितीला? मी किलोचा भाव सांगितला. आजी इतक्या हसल्या की खोकला लागला. निलगिरीची पुडी मात्र परत दिली नाही.